नदीकाठच्या गारगोट्या : जास्पर आणि चर्ट यांची ओळख

श्रोतेहो, गारगोटी हा शब्द ज्याने ऐकला नाही असा माणूस महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत सापडणार नाही. अंधाऱ्या खोलीत दोन गारगोट्या एकमेकींवर घासायच्या आणि त्यांच्या पोटात चमकणारा पिवळसर उजेड पाहायचा, हा खेळ आपल्यापैकी पुष्कळांनी लहानपणी खेळला असेल. आपल्या पणज्या-पणजोबांच्या घरी काडीपेटी दुर्मिळ होती तेव्हा पोलादी चकमक, गार आणि कापूस एवढ्या सामानावर चूल पेटे आणि चिलीमही पेटे.

पण गारगोटी म्हणजे नेमके काय, असे कोणी विचारले तर आपण थोडे घुटमळतो. नदीतला पांढरा दगड गारगोटी, पिवळा गारगोटी, तांबडा तोही गारगोटीच. रोजच्या व्यवहाराला एवढे पुरते. शाळेला मात्र ते पुरत नाही. मुलगा खिशातून दोन दगड काढून गुरुजींपुढे ठेवतो आणि विचारतो, "गुरुजी, हा तांबडा का आणि तो पांढरा का?" तेव्हा "दगड आहे तो, टाकून दे" असे म्हणून वेळ मारून नेली, तर त्या मुलाचा एक चांगला प्रश्न तिथेच संपतो. म्हणून आज या गारगोट्यांच्या कुळातल्या दोन दगडांची ओळख करून घेऊ. त्यांची नावे जास्पर आणि चर्ट. नावे परकी आहेत खरी. पण दगड आपलेच आहेत.

उदाहरणासाठी आपण ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यातले सापगाव घेऊ. गाव भातसा नदीच्या काठचे. भातसा सह्याद्रीतून, थळघाटाच्या बाजूने उतरते आणि पुढे काळू नदीच्या वाटेने उल्हासला जाऊन मिळते. पलीकडे मुरबाड तालुका, उत्तरेला माहुलीचे सुळके, पूर्वेला सह्याद्रीची भिंत. या साऱ्या मुलखाचा पाया एकच : काळा कातळ. शास्त्रात याला बेसाल्ट म्हणतात. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या भेगांतून तप्त लाव्हा वर आला, पसरला, थिजला. त्यावर पुन्हा दुसरा थर आला, मग तिसरा. असे थर एकावर एक बसून दख्खनचे पठार तयार झाले. माहुलीचा कडा लांबून पाहिला तर या थरांच्या आडव्या पायऱ्या डोळ्यांना स्पष्ट दिसतात.

आता प्रश्न असा, की सगळा मुलूख जर काळ्या दगडाचा, तर नदीत पांढरे आणि तांबडे गोटे आले कुठून?

त्याचे उत्तर आपल्या स्वयंपाकघरात आहे. तव्यावर आंबोळी टाकली की तिला जाळी पडते. पिठातली हवा वर येते आणि तिच्या जागी भोके राहतात. लाव्ह्याचेही तसेच झाले. त्यात कोंडलेली वाफ आणि वायू वर येऊ लागले, लाव्हा वरून थिजत गेला आणि बुडबुड्यांच्या जागी पोकळ्या राहिल्या. निवताना कातळाला भेगाही पडल्या. या पोकळ्यांतून आणि भेगांतून नंतर गरम पाणी झिरपत राहिले. त्या पाण्यात सिलिका नावाचे द्रव्य विरघळलेले होते. वाळूचा कण ज्याचा, काच ज्याची, तेच हे द्रव्य. पाणी निवत गेले, सिलिका खाली बसत गेली आणि पोकळ्या भरल्या. पुढे लाखो वर्षांच्या पावसाने कातळ झिजला. भोवतालचा काळा दगड कुजून त्याचा मुरूम झाला, मुरमाची माती झाली; पण सिलिकेचा गोळा कठीण, तो कुजला नाही. तो सुटा होऊन ओढ्यात पडला आणि ओढ्याने नदीत आणला. नदीतली गारगोटी म्हणजे जुन्या कातळाच्या पोटातला बुडबुडा होय, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

सिलिका एकच असली तरी ती बसते निरनिराळ्या तऱ्हांनी. सावकाश, मोकळ्या जागेत बसली तर तिचे टोकदार, पारदर्शक स्फटिक होतात; ते क्वार्ट्झ. अतिशय बारीक तंतूंच्या रूपाने बसली तर मेणासारखा, अंधूक उजेड आरपार जाऊ देणारा दगड होतो, तो कॅल्सेडोनी. त्यातच रंगीत पट्टे आले की आपण त्याला अकीक म्हणतो. आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक कणांच्या रूपाने, दाटीवाटीने बसली तर होतो चर्ट. चर्ट पांढरट, करडा, तपकिरी, क्वचित काळाही असतो. दिसायला मंद, काहीसा मातकट. चमक अशी नाहीच. या चर्टमध्ये लोहाचे तांबडे द्रव्य भरपूर मिसळले, की तो लालभडक किंवा विटकरी होतो आणि उजेड अजिबात आरपार जाऊ देत नाही. हाच जास्पर. म्हणजे जास्पर आणि चर्ट ही दोन कुळे नव्हेत. ते सख्खे भाऊ आहेत. एकाने लोहाचा रंग घेतला, एवढाच फरक.

जास्पर लालच असतो असेही नाही. लोहाच्या द्रव्यात पाण्याचा अंश असला तर तो पिवळा दिसतो. हिरव्या खनिजांची भेसळ झाली तर हिरवा होतो. पिवळ्याचा तांबडा कसा होतो, हे पाहायला दूर जायला नको. आपल्याकडच्या वीटभट्टीवर कच्ची वीट पिवळसर-तपकिरी असते आणि भाजली की लाल होते. उष्णतेने मातीतल्या लोहद्रव्यातले पाणी निघून जाते आणि मागे तांबडा रंग राहतो. गुजरातेत खंबायतचे कारागीर अकिकाचे पिवळट खडे भाजून लाल करतात, त्यातले रहस्य हेच.

चर्ट सगळाच लाव्ह्याच्या पोकळीत होतो असे मात्र समजू नये. जगातला पुष्कळसा चर्ट समुद्राच्या तळाशी झाला आहे. समुद्रातल्या काही सूक्ष्म जीवांची कवचे सिलिकेची असतात. ते मेले की कवचे तळाशी साचतात आणि कालांतराने त्यांचा दगड होतो. चुनखडीच्या थरांतही सिलिका शिरून चर्टच्या गाठी होतात. युरोपात खडूच्या थरांत सापडणारा फ्लिंट, ज्याला आपण सरसकट चकमकीचा दगड म्हणतो, तो चर्टचाच एक प्रकार. आपल्याकडे लाव्ह्याच्या दोन थरांच्या मधल्या काळात जी तळी साचली त्यांच्या गाळातही चर्ट झाला. मध्यप्रदेशात छिंदवाडा जिल्ह्यात मोहगाव कलान येथे अशा चर्टमध्ये वनस्पतींची खोडे, फळे, बिया दगड होऊन राहिल्या आहेत. बिरबल साहनी या थोर शास्त्रज्ञांनी त्या भागातल्या अशा अवशेषांचा अभ्यास केला. पाण्यातल्या सिलिकेने झाडाच्या पेशीन्‌ पेशी भरली आणि झाडाचा आकार जसाच्या तसा राहिला.

आता मुख्य मुद्दा : ओळखायचे कसे? त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. एक लोखंडी खिळा, काचेचा एक जाड तुकडा, एक चांगली विजेरी आणि थोडे लिंबू एवढ्यावर काम होते.

पहिली परीक्षा कठीणपणाची. दगडावर खिळ्याने जोर देऊन रेघ ओढा. रेघ उमटून भुकटी निघाली तर तो जास्पर नव्हे, चर्टही नव्हे. उलट खिळ्याचेच लोखंड घासून करडी रेघ दगडावर राहिली, तर दगड खिळ्याहून कठीण. मग त्याच दगडाची धार काचेवर ओढा. काचेला ओरखडा पडलाच पाहिजे. शास्त्रज्ञांच्या 1 ते 10 च्या मापात नख सुमारे अडीच, काच साडेपाच आणि जास्पर-चर्ट साडेसहा ते सात भरतात.

दुसरी परीक्षा फुटीची. कातळ फुटतो तेव्हा खरबरीत, ओबडधोबड फुटतो. जास्पर आणि चर्ट फुटतात ते शिंपल्यासारखे. फुटलेल्या पाठीवर गुळगुळीत खळगा असतो, त्यात तळ्यातल्या लाटांसारखी वर्तुळे दिसतात आणि कडा वस्तऱ्यासारखी धारदार असते. दगडाचे बाहेरचे कातडे फसवे असते. वर्षानुवर्षे पाण्याने आणि हवेने ते पांढुरके, निस्तेज झालेले असते. म्हणून ताजी फूट पाहावी. पण इथे एक सावधगिरी. हे दगड फुटताना कपच्या काचेसारख्या उडतात. दगड जाड फडक्यात गुंडाळावा, डोळ्यांना चष्मा असावा आणि हातोडा मुलांच्या हाती न देता शिक्षकांनी स्वतः चालवावा.

तिसरी परीक्षा उजेडाची. पातळ कपची विजेरीपुढे धरा. कडेतून पिवळसर उजेड झिरपला तर कॅल्सेडोनी किंवा अकीक. चर्टच्या अगदी पातळ कडेतून थोडासा उजेड येईल. जास्परमधून काही येणार नाही.

चौथी परीक्षा लिंबाची. पांढरा दगड चुनखडीच्या जातीचा असला, तर त्याच्या भुकटीवर लिंबाचा रस पडताच बारीक बुडबुडे येतात. चर्टला लिंबाचे काही वाटत नाही.

शाळेत तानकाटा असेल तर पाचवी परीक्षाही करावी. वरच्या वर्गांना फार आवडते. दगड दोऱ्याने बांधून आधी हवेत तोलायचा, मग पाण्यात बुडवून तोलायचा. समजा, हवेत 260 ग्रॅम भरलेला गोटा पाण्यात 160 भरला. म्हणजे 100 ग्रॅमची घट झाली. 260 ला 100 ने भागले की 2.6 येतात. जास्पर आणि चर्ट या आकड्याच्या आसपास असतात. घट्ट काळा कातळ 2.9 च्या आसपास जातो. आर्किमिडीजचा नियम पुस्तकातून बाहेर काढून भातसेच्या गोट्याला लावायचा, यापेक्षा चांगला धडा कोणता?

आता फसवणारे दगड पाहू. माझ्या वर्गात सापगावच्या बाजूची एक विद्यार्थिनी एकदा तीन तांबडे तुकडे घेऊन आली. म्हणाली, "सर, तिन्ही जास्पर ना?" मी म्हटलं, "तूच सांग. हा घे खिळा." पहिल्यावर खिळा खोल रुतला आणि तांबडी भुकटी हाताला लागली. तो होता पाण्याने गोल झालेला विटेचा तुकडा. दुसऱ्यावर तर नखानेही ओरखडा उमटला. तो तांबड्या मातीच्या थराचा तुकडा. घाटरस्त्यांच्या कापणीत दोन काळ्या थरांच्या मध्ये असा तांबडा पट्टा आपण पाहिला असेल. पहिला लाव्हा निवल्यावर त्यावर माती झाली आणि पुढच्या लाव्ह्याने ती झाकली, भाजली. तिसऱ्या तुकड्यावर खिळ्याची करडी रेघ राहिली. ती मुलगी स्वतःच म्हणाली, "सर, हाच." मला काही सांगावे लागले नाही.

ही परीक्षा खिशालाही उपयोगी आहे. जत्रेत, बाजारात तांबडा चकचकीत खडा दाखवून "हे पोवळे आहे, ग्रहपीडा टळेल" असे सांगणारे भेटतात. पोवळे हे समुद्रातल्या जीवाचे घर, चुन्याच्या जातीचे; त्याला खिळ्याची रेघ पडते. जास्परला पडत नाही. जास्पर सुंदर असतो, घासून झिलई दिली तर आणखी सुंदर दिसतो. पण तो दुर्मिळ नाही आणि त्याच्यासाठी कोणी घरातले धान्य विकावे अशी त्याची किंमत नाही. ज्याला दगड ओळखता येतो त्याला फसवणे कठीण जाते.

झिलईवरून आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. हे दगड कोरडे घासू नयेत. त्यांची धूळ श्वासाबरोबर फुप्फुसात गेली की तिथेच राहते आणि सिलिकोसिस नावाचा असाध्य रोग होतो. खंबायतमध्ये अकीक घासणारी कित्येक माणसे या रोगाने खंगून गेली आहेत. अंगठीतला खडा पाहताना त्या माणसांची आठवण ठेवावी. आणि शाळेत दगड घासायची वेळ आलीच तर तो पाण्याखाली घासावा.

चकमकीची ठिणगी कोणाची, हाही मुलांना विचारण्यासारखा प्रश्न आहे. बहुतेक जण दगडाची म्हणतील. ठिणगी पोलादाची असते. दगड कठीण आणि धारदार, म्हणून तो पोलादाचा बारीक कण खरवडून काढतो. तो कण घर्षणाने तापतो आणि हवेत जळतो. दोन गारगोट्या घासल्यावर दिसणारा उजेड मात्र निराळा. तिथे काही जळत नाही. स्फटिकाचे कण तुटताना विजेचा सूक्ष्म खेळ होतो आणि प्रकाश पडतो. पाण्याखाली घासल्या तरी तो दिसतो. आज रात्री घमेल्यात पाणी घेऊन करून पाहा.

श्रोतेहो, या दगडांचे माणसाशी नाते चकमकीपेक्षा फार जुने आहे. लोखंड नव्हते, तांबे नव्हते, तेव्हा धार हवी तर ती याच दगडांतून मिळे. अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरेच्या काठी नेवासे येथे डॉ. ह. धी. सांकलिया आणि त्यांच्या डेक्कन कॉलेजातील सहकाऱ्यांनी 1954 ते 1956 या काळात उत्खनन केले. तिथे जास्पर, चर्ट, कॅल्सेडोनी यांच्या कपच्यांची तासण्या आणि टोचण्या अशी अश्मयुगीन हत्यारे मिळाली. आणि त्यापुढच्या काळातली, सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची लांब, पातळ पातीही मिळाली. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगावलाही अशीच पाती निघाली. कोकणपट्टीही मागे नाही. मुंबईजवळ कांदिवलीला टॉड नावाच्या आरमारी अधिकाऱ्याने अशी हत्यारे गोळा केली आणि त्यांवर 1939 मध्ये लेख लिहिला. काही हत्यारे तर बोटाच्या पेराएवढी. ती लाकडाच्या किंवा हाडाच्या खाचेत डिंकाने बसवायची, की झाला विळा, झाला बाण.

पुढे हाच दगड व्यापाराला लागला. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या पेरिप्लस नावाच्या ग्रीक प्रवासग्रंथात, पैठणहून पट्टेदार खडे मोठ्या प्रमाणावर भडोच बंदराला जात असल्याची नोंद आहे. त्याच ग्रंथात कल्याण बंदराचाही उल्लेख येतो. आणि कल्याणहून जुन्नरकडे जाणारा जुना व्यापारी मार्ग आपल्या मुरबाड तालुक्यातूनच नाणेघाट चढून जात असे.

म्हणून शिक्षक बंधुभगिनींना माझी एक विनंती आहे. नांगरताना, विहीर खणताना, रस्त्याच्या कापणीत एका जागी चर्टच्या किंवा जास्परच्या पुष्कळ धारदार कपच्या दिसल्या, तर त्या झोळीत भरून आणू नका. एकटी कपची काही सिद्ध करीत नाही. नदीच्या मारानेही दगड तसा फुटतो. पण एकाच जागी, एकाच घडणीच्या अनेक कपच्या आणि त्या काढून उरलेला गाभा, हे माणसाच्या हाताचे लक्षण असते. त्या कोणत्या थरात, कशाशेजारी होत्या यावरच त्यांचे वय ठरते. उचलल्या, की ती साक्ष गेली. मग उरतो नुसता दगड. जागेचे छायाचित्र घ्यावे, शेताचे नाव आणि तारीख लिहून ठेवावी आणि राज्याच्या पुरातत्त्व विभागाला किंवा पुण्याच्या डेक्कन कॉलेजला पत्र लिहावे. शहापूर तालुक्यात अलीकडे समृद्धी महामार्गासाठी डोंगर कापले गेले, रेती-मुरमासाठी नद्या-ओढ्यांचे काठ उकरले जातात. यंत्र एका दिवसात जेवढे हलवते तेवढे नदीला हजार वर्षांत हलवता येत नाही. अशा वेळी गावात दगड ओळखणारी दोन माणसे असली तरी पुष्कळ झाले.

नदीतले सुटे गोटे मात्र शाळेसाठी खुशाल आणावेत, मूठभरच. पावसाळा सरल्यावर, पाणी ओसरल्यावर जावे. भातसेसारख्या नदीवर वरच्या अंगाला धरण आहे. दरवाजे उघडले की पाणी झपाट्याने चढते, तेव्हा पावसाळ्यात मुलांना पात्रात नेऊ नये. प्रत्येक गोट्यावर कागदाची चिठ्ठी चिकटवावी : कुठे मिळाला, कधी मिळाला, कोणाला मिळाला, खिळ्याची रेघ पडली की नाही, उजेड आरपार गेला की नाही. नाव शेवटी लिहावे आणि खात्री नसेल तर ती जागा कोरी ठेवावी. सिन्नरला गारगोटी याच नावाचे खनिजांचे संग्रहालय आहे, ते सहलीत जरूर दाखवावे. पण आधी आपल्या शाळेच्या खिडकीत, मुलांच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या लावलेले आपल्या नदीचे दहा गोटे मांडून ठेवावेत.